तासगावच्या मामांची द्राक्षं बंद करणारा मेसेज

माझे मामा तासगावचे. घरची द्राक्षबाग, वय ६४, दोन वर्षांपूर्वी मिरजेत ॲंजिओप्लास्टी होऊन स्टेंट बसलेला. परवा मामीचा फोन आला, "अगं, दीड महिना झाला, कोलेस्टेरॉलची गोळी बंद केलीय त्यांनी. घरचा बेदाणासुद्धा तोंडात घालत नाहीत." कारण काय, तर पाहुण्यांच्या ग्रुपवर आलेला मेसेज. त्यात म्हटलंय, या गोळीनं लिव्हर सडतं, स्नायू विरघळतात, गोळीवर द्राक्षं-बेदाणे खाल्ले तर विष होतं. म्हणून रिपोर्ट नॉर्मल आला की गोळी सोडा आणि ४० दिवस हळद-मिरपुडीचं पाणी प्या, ब्लॉकेज विरघळतील.

आधी द्राक्षांचं, कारण तासगावात बसून हे वाचताना माझं डोकंच फिरलं. इंग्रजीत ग्रेपफ्रूट नावाचं फळ आहे. ते द्राक्ष नव्हे, संत्र्या-मोसंब्याच्या घराण्यातलं, आपल्या पपनसाचं भावंड. त्यातली काही द्रव्यं आतड्यातलं, औषध मोडणारं एक एन्झाइम अडवतात, त्यामुळे ॲटोरव्हास्टॅटिन किंवा सिमव्हास्टॅटिन या कोलेस्टेरॉलच्या गोळ्या घेणाऱ्याच्या रक्तात औषध जास्त साठू शकतं. इतकं खरं आहे. कुणीतरी त्याचं भाषांतर 'द्राक्ष' केलं आणि जन्मभर द्राक्षं पिकवलेल्या माणसाला स्वतःच्या बागेची भीती घातली. द्राक्षं आणि बेदाण्याचा या गोळीशी काही संबंध नाही. मामांना साखरेचा त्रास असता तर बेदाणा बेतानं खा म्हटलं असतं, पण तो वेगळा विषय.

खरा जीवघेणा मुद्दा 'रिपोर्ट नॉर्मल आला की सोडा' हा. मामांचं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, ६२ होतं, ते गोळी चालू होती म्हणून. शरीरातलं बरंचसं कोलेस्टेरॉल आपलं लिव्हरच बनवतं. ही गोळी तिथलं काम मंदावते, मग लिव्हर रक्तातलं एलडीएल ओढून घेतं. गोळी थांबली की काही आठवड्यांत आकडा पुन्हा चढतो. मामांचा १३८ झाला. आणि स्टेंट म्हणजे सगळ्या नसा नव्या झाल्या असं नाही. अडलेली जागा तेवढी उघडली, बाकीच्या धमन्यांतला थर आहे तिथंच आहे. तो वाढू नये, फुटू नये यासाठी गोळी असते. १९९४ साली प्रसिद्ध झालेला स्कँडिनेव्हियातला अभ्यास बघा. हृदयविकाराचे ४४४४ रुग्ण, निम्म्यांना सिमव्हास्टॅटिन, निम्म्यांना औषध नसलेली तशीच दिसणारी गोळी. पाच वर्षांहून थोड्या अधिक काळात औषध नसलेल्यांत २५६ जण गेले, औषधवाल्यांत १८२. हळदीच्या पाण्यानं असं काही करून दाखवलेलं मला सापडलं नाही.

हळद आमच्या सांगलीचा अभिमान आहे, आमटी-भाजीत ती हवीच. पण मिरपुडीबरोबर ती मोठ्या प्रमाणात औषध म्हणून घेऊ नका. मिरीमुळे हळदीतलं कर्क्युमिन जास्त शोषलं जातं, आणि २०१९ मध्ये इटलीत हळदीची पूरकं, म्हणजे गोळ्या-कॅप्सूल, घेणाऱ्यांना लिव्हरला सूज आल्याच्या घटना नोंदल्या गेल्या. लिव्हर वाचवायला निघालेला मेसेज हे सांगत नाही. गोळीनं काही जणांचे लिव्हरचे आकडे थोडे वाढतात, गंभीर इजा क्वचितच होते.

स्नायूदुखीचं थोडं खरं आहे, नाइलाजानं मान्य करते. काहींना दुखतं. पण खोटी गोळी घेणाऱ्यांनाही जवळपास तितकंच दुखतं, असं मोठ्या चाचण्यांत दिसलंय. त्रास झाला तर डॉक्टर डोस कमी करतात किंवा दुसरी गोळी देतात. अंग खूप दुखून लघवी काळपट झाली तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. क्लॅरिथ्रोमायसिनसारखं अँटिबायोटिक कुणी लिहून दिलं तर ही गोळी चालू आहे हे सांगायचं. गरोदरपण असेल किंवा ठरवत असाल तर आधी डॉक्टरांशी बोलायचं. एखाद्या दिवशी गोळी चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत.

डॉक्टरांना विचारून मामांनी गोळी परत सुरू केलीय, सहा आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासायचंय. ज्या पाहुण्यांनी मेसेज पाठवला त्यांना मामा भिडेपोटी काही बोलणार नाहीत. म्हणून हे मीच त्यांच्या ग्रुपवर टाकतेय.