खुलासा : इंडक्शन शेगडीमुळे स्वयंपाकघर कार्बनमुक्त होत नाही

इंडक्शन शेगडी वापरणाऱ्या घराच्या स्वयंपाकाचे कार्बन उत्सर्जन शून्य धरावे आणि घराघरांतील बाकी उत्सर्जनाची तुलना वीजबिलाच्या रकमेवरून करावी, असा संदेश नाशिकमधील सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर फिरत आहे. त्यातील दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

शेगडीपाशी ज्योत दिसत नसली, तरी तिला लागणारी वीज प्रामुख्याने कोळशावर तयार होते. एकलहऱ्याच्या औष्णिक केंद्राची धुरांडी नाशिककरांना परकी नाहीत. देशाच्या वीजजाळ्याची सरासरी पाहिल्यास एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. १४.२ किलोचा घरगुती सिलिंडर पूर्ण जळला, की सुमारे ४२ किलो जातो. तेवढाच स्वयंपाक इंडक्शनवर करायचा, तर गॅसची बरीच उष्णता भांड्याबाहेर वाया जाते हे जमेस धरूनही साधारण १२० युनिट लागतात, म्हणजेच उत्सर्जन ८० किलोंच्या पुढे जाते. गॅसचे उत्पादन आणि वाहतूक यांतील उत्सर्जन या हिशेबात धरलेले नाही, पण म्हणून इंडक्शनचा आकडा शून्यावर येत नाही. छतावर सौर पॅनेल असतील आणि स्वयंपाक दिवसा होत असेल, तर मात्र चित्र खरोखरच पालटते, आणि तसे करणाऱ्यांचे कौतुकच व्हायला हवे.

बिलाची रक्कम टप्प्याटप्प्याने वाढणाऱ्या दरांनी ठरते, त्यामुळे दुप्पट बिल म्हणजे दुप्पट वापर नव्हे. बिलावरील युनिट घ्यावेत आणि त्यांना घरातील माणसांच्या संख्येने भागावे. एरवी सहा जणांच्या एकत्र कुटुंबावर विनाकारण ठपका येतो.