मुलांना निबंध पाठ करायला लावू नका, लिहायला लावा

परीक्षा जवळ आली की शिक्षकांच्या आणि पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर निबंधाच्या पीडीएफ फिरायला लागतात. माझा आवडता पक्षी, फाटक्या छत्रीचं आत्मवृत्त, सूर्य उगवला नाही तर, मोबाइल शाप की वरदान. मुलं पाठ करतात, पेपरात उतरवतात, मार्क मिळतात आणि सगळेच खूश. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पाचवी ते सातवीला मराठी शिकवते आणि मला हे बघून खरंच वाईट वाटतं, कारण याच वयात लेकरांकडं सांगण्यासारखं इतकं काही असतं की विचारू नका.

माझं म्हणणं एवढंच आहे. पत्र, बातमी, गोष्ट, कृती, वर्णन, मत हे सगळे प्रकार आपण साचा म्हणून शिकवतो. पत्राचा पत्ता कुठल्या कोपऱ्यात, मायना काय, तारीख कुठं. पण हे कोण वाचणार आणि वाचून तो काय करणार, हे मुलाला कुणी सांगतच नाही. ते ठरलं ना की निम्मा साचा मुलं स्वतःच शोधून काढतात.

कृती लिहिणं घ्या. हा प्रकार मला सगळ्यात आवडतो आणि पेपरात त्याला जवळपास जागाच नाही. भोवरा कसा फिरवायचा ते लिहा म्हटलं की वर्गातली अर्धी पोरं एकदम एक्स्पर्ट असतात. एकानं लिहिलं, 'भोवरा घ्यावा. दोरी गुंडाळावी. जोरात फेकावा.' झालं. मग ज्या मुलीनं कधी भोवरा हातात धरला नाही तिला उभं केलं आणि सांगितलं की जे लिहिलंय फक्त तेवढंच करायचं. तिनं दोरी वरून, डोक्याकडून गुंडाळली, भोवरा दोरीसकट भिरकावला, तो धप्पकन पडला. लिहिणारा पोरगा बाकावरून ओरडतोय, अगं आरीपासून, खालच्या खिळ्यापासून गुंडाळ ना, आणि दुसरं टोक बोटाला अडकव! मी म्हटलं तोंडानं नाही सांगायचं, वहीत लिही. तो बसला आणि लिहिलं. आरीपासून सुरुवात, वेढे एकमेकाला चिकटून, दोरीच्या टोकाची गाठ दोन बोटांच्या मध्ये, फेकला की लगेच हात मागं ओढायचा. क्रम म्हणजे काय, नेमकेपणा म्हणजे काय, हे मी फळ्यावर दहा वेळा लिहून त्याला कळलं नसतं ते तिथं कळलं.

पत्राचंही तसंच. गाइडमधलं मागणीपत्र वर्षानुवर्षं तेच, पुस्तकांची मागणी करणारं, आणि ते कुणालाच जाणार नसतं. शाळेजवळच्या नळाची तोटी तुटली असेल तर त्याचं पत्र ग्रामपंचायतीला लिहायला लावा की. पहिल्या वेळी सगळे लिहितात 'पाण्याचा अपव्यय होत आहे, पाणी हेच जीवन आहे, तरी कृपया योग्य ती कार्यवाही व्हावी'. मग विचारायचं, सरपंचांना कळलं का कुठला नळ? किती दिवसांपासून? काय करायला हवं? तेव्हा मग हळूहळू येतं, शाळेच्या मागच्या भिंतीजवळचा नळ, सोमवारपासून वाहतोय, नवी तोटी बसवून द्या. मुलीबाळी चिखलातून जातात हेही त्यात येतं. अशा पत्राला मायना चुकला तरी मी चांगलं पत्र म्हणेन.

गोष्टीबद्दल एक मुद्दाम सांगायचंय. मुद्द्यांवरून गोष्ट लिहा म्हटलं की मुलं मधल्या रेघा काढून शब्द जोडतात, शेवटी तात्पर्य लिहितात, संपली गोष्ट. त्याऐवजी त्यातला एकच मुद्दा घ्या आणि तिथं माणसं काय बोलली असतील ते लिहायला सांगा. आणि इथं कृपा करून घरची बोली येऊ द्या. आमच्या मराठवाड्यातली आजी 'बाळा, तू कुठे चालला आहेस?' असं विचारत नाही, ती 'कुठं चाललास रं?' विचारते, आणि पाचवीच्या मुलाला हे बरोब्बर लिहिता येतं. मात्र तीच मुलं परिपाठासाठी शाळेची बातमी लिहितात तेव्हा प्रमाण मराठी वापरायची, कोण, काय, कुठं, कधी हे आधी सांगायचं. कुठं कसं बोलायचं हे लेकरांना कळतं हो, पाहुण्यांसमोर आणि मित्रांमध्ये ती वेगळंच बोलतात की.

मत मांडायला शिकवणं सगळ्यात अवघड. शाप की वरदान टाइपच्या विषयात पोरं दोन्हीकडचे चार-चार मुद्दे लिहितात आणि शेवटी अति तेथे माती. त्यांचं स्वतःचं म्हणणं काय ते कुठंच नाही. विषय त्यांच्या भांडणातला द्या. मधल्या सुट्टीत ग्राउंड कायम सातवीच्याच मुलांना का? यावर सहावीच्या मुली जे लिहितात ते बघा. मग अट घालायची की सातवीवाले काय म्हणतील तेही लिहा आणि त्याला उत्तर द्या. इथं पेन थांबतं, विचार सुरू होतो, मी मुद्दाम तास जाऊ देते.

पोर्शन कधी संपवायचा असं सहकारी विचारतात आणि तो प्रश्न खरा आहे. त्यात शिष्यवृत्तीची परीक्षा, ती सगळी पर्यायांना गोल करण्याची, त्यामुळं लेखन आपोआप मागं पडतं. पण लेखन फक्त मराठीच्या तासाला कशाला? विज्ञानात मटकीला मोड आणता ना, मग रोज पट्टीनं मोजून निरीक्षण लिहू द्या. 'मोड खूप सुंदर दिसत होते' हे कवितेत चालेल, निरीक्षणात मोड किती वाढला ते हवं. आणि नमुने दाखवायला गाइड कशाला पाहिजे, बालभारतीचं 'किशोर' मासिक 1971 पासून निघतंय, जुने अंक ऑनलाइन फुकट वाचायला मिळतात. त्यात गोष्टही आहे, माहितीचा लेखही आहे, मुलांसमोर दोन्ही ठेवा आणि फरक त्यांनाच शोधू द्या.

तपासण्याबद्दल शेवटचं. पहिल्या कच्च्या लिखाणावर लाल पेन चालवू नका. ऱ्हस्व-दीर्घ बघायचंच आहे, पण दुसऱ्या वेळी. पहिल्यांदा वहीच्या कडेला फक्त एक प्रश्न लिहा, जो वाचताना तुम्हाला खरंच पडला. 'मग बैल सापडला का?' असा. पालकांनीही हे घरी करायला हरकत नाही, आणि सुट्टीत निबंधाची वही भरून घेण्यापेक्षा मामाच्या गावाहून मित्राला एक पत्र लिहायला सांगा, पोस्टातून खरंखुरं पाठवायचं.

तुमच्या वर्गात काय काय लिहून घेता ते कमेंटमध्ये नक्की सांगा, मुलांचं लिखाण असेल तर नाव झाकून फोटो टाका, मला वाचायचंय.