टॉरासीचं 2015: घरी बसल्याच्या पैशांचा हिशेब

तुमची प्रतिक्रिया तिखट आहे, पण मुद्द्याला धरून आहे, म्हणून उत्तरही जरा ऐसपैस. थोडक्यात तुमचं म्हणणं असं: बास्केटबॉलपटू डायना टॉरासी अमेरिकेच्या महिला व्यावसायिक लीगमध्ये, म्हणजे डब्ल्यूएनबीएत, 2004 ते 2024 खेळली, म्हणजे 21 हंगाम झाले, लेखात मात्र 20 लिहिलेत. 2015 मध्ये आपल्या फिनिक्स मर्क्युरी संघाला वाऱ्यावर सोडून तिने रशियन क्लबकडून घरी बसायचे पैसे घेतले आणि त्याला लेखात शहाणपण म्हटलंय. शिवाय लेब्रॉन जेम्सच्या 40,000 गुणांपुढे तिचे 10,646 कुठल्या खिजगणतीत?

शेवटचा मुद्दा आधी घेऊ, तो साध्या गुणाकाराने सुटतो. लेब्रॉन खेळतो त्या पुरुषांच्या लीगचा, एनबीएचा, हंगाम 82 सामन्यांचा आणि सामना 48 मिनिटांचा, म्हणजे एका संघाची 3,936 मिनिटं. टॉरासीच्या कारकिर्दीत बहुतेक वर्षं डब्ल्यूएनबीएचा हंगाम 34 सामन्यांचा होता आणि सामना 40 मिनिटांचा, म्हणजे 1,360 मिनिटं. जवळजवळ एक तृतीयांश. तिचे नियमित हंगामातले एकूण सामने 565. एनबीएच्या हिशेबात हे सात हंगामही भरत नाहीत. त्या 565 सामन्यांत सरासरी 18.8 गुण. 2006 मध्ये तिने 34 सामन्यांत 860 गुण केले, तो एका हंगामातला विक्रम 2023 मध्ये ज्युएल लॉइडने 939 गुण करून मोडला, आणि तोवर हंगाम 40 सामन्यांचा झाला होता. तेव्हा ही तुलना बाजूला ठेवू.

आता 2015. डब्ल्यूएनबीए उन्हाळ्यात चालते, युरोपातल्या लीग हिवाळ्यात, म्हणून खेळाडू दोन्हीकडे खेळायच्या. तेव्हा फिनिक्सकडून तिला उन्हाळ्याचे मिळायचे सुमारे 1,07,000 डॉलर. लीगच्या करारात याहून फारसं वर जाताच येत नव्हतं, मग तुम्ही कितीही मोठ्या खेळाडू असा. रशियातल्या येकातेरिनबर्गचा यूएमएमसी क्लब हिवाळ्याचे देत होता, तेव्हाच्या बातम्यांनुसार, 15 लाख डॉलरच्या आसपास. ‘1,07,000 डॉलर म्हणजे 66 लाख रुपये, ते काय कमी झाले?’ असं तुम्ही विचारता. कमी नाहीत. पण तुलना तुमच्या-आमच्या पगाराशी नाही. एकच शरीर, वर्षात दोन नोकऱ्या आणि एक नोकरी दुसरीच्या चौदापट पैसे देणारी. थकल्यावर माणूस कुठली सोडेल?

क्लबला हे परवडलं कसं, हे समजून घेतलं की बाकीचं उलगडतं. यूएमएमसी ही उरल भागातली तांब्याची मोठी कंपनी. क्लबचा खर्च तिच्या तिजोरीतून चालायचा, तिकीटविक्रीवर नाही. त्यांना हवा होता युरोलीगचा, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेचा, करंडक, आणि त्यासाठी ऑक्टोबरमध्ये ताजे गुडघे घेऊन येणारी टॉरासी. फिनिक्समध्ये झिजलेली खेळाडू हिवाळ्यात आपल्या पदरी येते, त्यापेक्षा तिच्या विश्रांतीचे पैसे आपणच दिलेले बरे, असा हा रोखठोक व्यवहार होता.

झीज म्हणजे नेमकं काय, तर तिच्या 2014 कडे बघा. 12 सप्टेंबरला शिकागोत फिनिक्सने विजेतेपद जिंकलं. 5 ऑक्टोबरला इस्तंबूलमध्ये अमेरिकेकडून जागतिक स्पर्धेचा अंतिम सामना. त्यानंतर रशियात रुजू, तिथे युरोलीग आणि रशियन लीग दोन्ही, वसंतापर्यंत. ते संपतं न संपतं तोच मे महिन्यात फिनिक्सचं सराव शिबिर. हे चक्र तिच्या पहिल्या काही हंगामांपासून चालू होतं. फेब्रुवारी 2015 मध्ये चाहत्यांना लिहिलेल्या पत्रात तिने आडपडदा न ठेवता सांगितलं, की वर्षभराचा खेळ अंगावर येतो आणि क्लब विश्रांतीचे पैसे देतो आहे, ते मी घेते आहे.

एक बारीक गोष्ट सहसा कुणी लिहीत नाही. तीन गुणांची रेषा (जिच्या बाहेरून टाकलेल्या बास्केटला तीन गुण मिळतात) युरोपात ऑक्टोबर 2010 पासून 6.75 मीटरवर गेली, डब्ल्यूएनबीएत मात्र 2012 पर्यंत ती 6.25 मीटरवरच होती. चेंडू तोच, सहा नंबरचा. म्हणजे त्या काळात दोन्हीकडे खेळणाऱ्या नेमबाज खेळाडूला वर्षातून दोनदा अर्ध्या मीटरचा फरक अंगवळणी पाडावा लागायचा. लांबून टाकताना जास्तीचं बळ खांद्यातून काढायला गेलं की चेंडू रिंगच्या डावी-उजवीकडे भरकटतो, म्हणून ते पायांतून काढावं लागतं. आणि थकल्यावर आधी जातात ते पायच.

न थांबल्यास काय होतं, याचं उदाहरण ब्रियाना स्टुअर्ट. 2018 ची डब्ल्यूएनबीएची सर्वोत्तम खेळाडू. एप्रिल 2019 मध्ये हंगेरीतल्या शोप्रोन इथे दिनामो कुर्स्क या रशियन क्लबकडून युरोलीगचा अंतिम सामना खेळताना उडीवरून खाली येताना तिचा टाचेमागचा अकिलीस स्नायुबंध तुटला. तिच्या डब्ल्यूएनबीए संघाकडचा, सिएटलचा, 2019 चा अख्खा हंगाम गेला. दुखापत झाली एका मालकाकडे, नुकसान दुसऱ्याचं.

परदेशातला पैसा काही बिनघोर नव्हता, हेही मान्य. स्पार्ताक मॉस्को ज्यांच्या जिवावर चालत होता, त्या शब्ताई काल्मानोविच यांचा नोव्हेंबर 2009 मध्ये मॉस्कोत गोळ्या घालून खून झाला. टॉरासी तेव्हा त्याच क्लबकडे होती. पुढच्याच वर्षी तुर्कस्तानात फेनेरबाहचेकडे असताना तिच्या उत्तेजक चाचणीत मोडाफिनिल हे बंदी असलेलं औषध सापडल्याचं जाहीर झालं, क्लबने करार तोडला, आणि मग अंकाराच्या प्रयोगशाळेने आपला निष्कर्ष मागे घेतला. नाव साफ झालं, हंगाम मात्र बुडाला.

फिनिक्सचं नुकसान झालं, हे तुमचं म्हणणं खरंच आहे. 2014 मध्ये 29 विजय, 5 पराभव. तिच्याविना 2015 मध्ये 20 आणि 14. पण दगा म्हणायचं, तर दर ठरवला कुणी हेही विचारा. लीगने पुढे दोन्ही बाजूंनी दुरुस्ती केली. 2020 च्या करारात कमाल पगार 2,15,000 डॉलरवर नेला आणि सोबत अटही घातली: दोन वर्षांपेक्षा जास्त खेळलेल्या खेळाडूने 2024 पासून सराव शिबिराच्या सुरुवातीला किंवा 1 मेपर्यंत, यातलं जे नंतर असेल तोवर, हजर व्हायचं, नाहीतर पूर्ण हंगाम बाहेर. आमिष आणि चाबूक एकाच कागदावर.

2015 नंतर ती आणखी नऊ हंगाम खेळली. 2019 मध्ये पाठीच्या शस्त्रक्रियेमुळे फक्त सहा सामने झाले, तरी तोही हंगाम मोजलाय. 3 ऑगस्ट 2023 ला, वयाच्या 41 व्या वर्षी, अटलांटाविरुद्ध 42 गुण करून तिने दहा हजारांचा टप्पा ओलांडला. त्या लीगमध्ये तिथे पोहोचणारी ती पहिलीच. हे सगळं एका उन्हाळ्याच्या विश्रांतीमुळे घडलं असा दावा नाही. पण ती विश्रांती वाया गेली असं म्हणायला मात्र जागा नाही.

राहिला हंगामांचा आकडा. 2004 ते 2024 हे 21 उन्हाळे, त्यातून 2015 वजा, उरले 20. आकडा बरोबर आहे. मात्र मूळ लेखात ‘सलग 20 हंगाम’ असं छापलं गेलं होतं, आणि तिथे तुम्ही अचूक बोट ठेवलंत. ‘सलग’ हा शब्द आज काढून टाकला आहे.