गोव्याला गाडी ठोकायला जाताना

आपल्याच गावात गाडी ठोकणं ही हौशी लोकांची कामं. तिथं वकील पुढच्या गल्लीत राहतो, चौकीतला हवालदार शाळेत आपल्या मागच्या बाकावर बसलेला असतो आणि जामीन राहायला आत्याचे यजमान सातबारा घेऊन दहा मिनिटांत हजर होतात. यात कसली आलीय मर्दुमकी? माणसाचा खरा कस लागतो तो परमुलखात. म्हणून तुम्ही गोव्याला जा.

गोवाच का, तर जवळ पडतं, आणि पोलिसांनी शिव्या दिल्या तर निम्म्या तरी कळतात. शिवाय आमचा मेहुणा या विषयातला घरचा तज्ज्ञ आहे. त्याची केस गोव्यात चालू आहे. किती वर्षं, ते विचारू नका. त्याच्या मुलीनं दरम्यान बालवाडीतून पहिलीपर्यंत मजल मारली.

तयारी निघण्यापासूनच करावी. पुणेकरांनी रात्री अकराला, दिवसभर ऑफिस करून, जेवण अंगावर आलेलं असताना निघावं, म्हणजे चोर्ला घाट बरोबर पहाटे लागतो आणि डोळे आपोआप मिटतात. मुंबईकरांना एवढा विचारही करावा लागत नाही. २०११ पासून चौपदरी होत असलेला त्यांचा महामार्ग त्यांना हवं ते कारण देतोच: खड्ड्यांत गेलेला वेळ पुढं भरून काढायचा असतो. हा वेळ नेमका कुणाला परत द्यायचा असतो, हे मला अजून समजलेलं नाही.

तिथं पोचल्यावर गाडी भाड्यानं घ्या. इथं एक बारकावा आहे. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेली गाडी भाड्यानं द्यायचा परवाना असलेली असते. ती अजिबात घेऊ नका. हॉटेलच्या बाहेर एक ‘भाऊ’ उभा असतो, त्याच्याकडं पांढऱ्या पाटीची, म्हणजे खासगी गाडी मिळते. रोजाचे चारशे रुपये वाचतात. कुणी विचारलं तर ‘मित्राची गाडी आहे’ असं सांगायचं. मित्राचं आडनाव तेवढं विचारून ठेवा. मेहुण्यानं विचारलं नव्हतं. या चारशे रुपयांची गंमत पुढं येते.

आता प्रत्यक्ष चालवणं. उत्तर गोव्यातल्या बार्देश तालुक्यातल्या गावांतले रस्ते बैलगाडीच्या मापाचे, दोन्ही बाजूंना चिऱ्यांच्या भिंती, आणि दर शंभर पावलांवर एक आंधळं वळण. स्थानिक माणूस तिथं हॉर्न देतो आणि वेग कमी करतो. तुम्ही पर्यटक आहात; तुम्ही हॉर्न देऊन वेग वाढवा. एका हातात मोबाइल असू द्या. रील काढलीत तर त्यावर तारीख, वेळ, ठिकाण सगळं स्वतःच टाका. तपास अधिकाऱ्याचे कष्ट वाचवणं हे नागरिकाचं कर्तव्यच आहे. गाडी पुळणीत घालायचा विचार असेल तर तोही चांगला. वाळूत चाकं रुतली की भरती गाडीकडं येते, तुम्हाला कुठं जावं लागत नाही, आणि मागाहून क्रेनवाला, पोलीस आणि कॅमेरेवाले येतात. डिसेंबर २०२३ मध्ये हिमाचलातल्या लाहौलमध्ये एकानं वाहतूक कोंडी टाळायला जीप थेट चंद्रा नदीत घातली होती. त्याला ३,५०० रुपयांचं चलन मिळालं आणि देशभर नाव झालं. म्हणजे गाडीचं, त्याचं नाव कोण लक्षात ठेवतो.

मेहुण्याचं असं झालं, की तो सकाळी साडेसहाला समुद्रातून सूर्य उगवताना बघायला निघाला होता. पश्चिम किनाऱ्यावर. रात्री झोप झालेली नाही, आणि सूर्य चुकेल म्हणून घाई. वळणावर समोरून सायकलवर पोदेर, म्हणजे गोव्यातला पाववाला, आला. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी: मागं वेताची टोपली, वर निळं प्लास्टिक आणि रबरी भोंगा. गाव त्या भोंग्यावर जागं होतं. मेहुण्यानं भोंगा ऐकला नाही, कारण गाडीत गाणी चालू होती. भिंत, सायकल आणि बंपर एकत्र आले. मेहुणा खाली उतरला तेव्हा उंडे आणि पोळ्या, म्हणजे तिथले पाव, रस्ताभर पसरल्या होत्या, त्यातून अजून वाफ येत होती, आणि पोदेर भिंतीला टेकून आपल्या पायाकडं बघत होता. पाय नको त्या ठिकाणी वाकलेला होता. मेहुणा म्हणतो, आजही त्याला गरम पावाचा वास आला की मळमळतं.

अशा वेळी तुम्ही काय कराल? पळून जा. मोटार वाहन कायद्याचं कलम १३४ सांगतं, की जखमीला दवाखान्यात पोचवा आणि लवकरात लवकर, फार तर २४ तासांत, पोलिसांना कळवा. असल्या गोष्टी कायदा लिहितच असतो. नव्या न्याय संहितेत तर, न कळवता पळालात आणि माणूस गेला तर दहा वर्षांपर्यंत शिक्षा, असं १०६ (२) मध्ये लिहून ठेवलंय. त्यावरून जानेवारी २०२४ मध्ये ट्रकवाल्यांनी चाकं थांबवली, आणि १ जुलैला बाकी संहिता लागू करताना तेवढं पोटकलम बाजूला ठेवलं गेलं. म्हणजे ट्रकवाल्यांनी तुमच्यासाठी एवढं करून ठेवलंय. मेहुणा मात्र पळाला नाही. धैर्य वगैरे काही नव्हतं. गावातल्या चार बायकांनी गाडीची किल्ली काढून घेतली होती.

पोलीस आले की पहिलं वाक्य कोणतं म्हणायचं ते पाठ करून ठेवा: ‘आम्ही येतो म्हणून तुमचं पोट चालतं.’ मग आपल्या नगरसेवकाला फोन लावून तो हवालदाराच्या कानाला लावायला जा. ‘तुमी खंयचे?’ हा प्रश्न म्हणजे चौकशी असते, कौतुक नव्हे. तरीही छाती काढून ‘पुण्याचे’ असं सांगा. आवाज चढवा, आणि जमलंच तर थोडी धक्काबुक्की करा. त्याच न्याय संहितेतलं कलम २८१ म्हणजे बेदरकारपणे वाहन चालवणं, त्याला सहा महिने किंवा हजार रुपये. १२५ (ब) म्हणजे गंभीर दुखापत, तीन वर्षं किंवा दहा हजार. ही दोन्ही कलमं जामीनपात्र, म्हणजे पाहुण्याला शोभणारी नाहीत. सरकारी नोकरावर हात टाकलात की १३२ लागतं, ते अजामीनपात्र आहे, आणि राहण्याची सोय होते. हॉटेलचं चेकआउट बारालाच असतं, हे लक्षात घ्या.

रात्री घेतलेली सकाळी उतरलेली असते, या तत्त्वावरही विश्वास ठेवा. यंत्राला तत्त्वज्ञान कळत नाही. शंभर मिलिलीटर रक्तात अल्कोहोल तीस मिलिग्रॅमच्या वर गेलं की मोटार वाहन कायद्याचं १८५ लागतं, पहिल्या वेळेला दहा हजारांचा दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. रक्ताबाबत काही ‘करता’ येईल का, असा विचार मनात आला तर पुण्यातल्या कल्याणीनगरचा अपघात आठवा. मे २०२४ मध्ये तिथं गाडी चालवणाऱ्या अल्पवयीन मुलाला तीनशे शब्दांच्या निबंधावर जामीन मिळाला होता खरा, पण तो काही दिवसांत फिरला, आणि रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून आई, वडील आणि डॉक्टर आत गेले. हे सगळं स्वतःच्या गावात, सगळ्या ओळखी शाबूत असताना. आणि त्यात गेलेली दोघं, ती मात्र परगावाहून नोकरीला आलेली होती.

‘ब्रेकच लागले नाहीत साहेब,’ हे मात्र जरूर सांगा. सगळेच सांगतात. मग परिवहन खात्याचा निरीक्षक गाडी तपासतो आणि एका ओळीत लिहितो, की ब्रेक सुस्थितीत. ती ओळ तुमच्या वकिलाला पुढं कित्येक महिने पुरते.

आता जामीन. पोलीस ठाण्यातच मिळतो, फक्त जामीनदार स्थानिक हवा म्हणतात. इथं तुम्ही कायद्याचे जाणकार असल्याचं दाखवून द्या. सांगा, की १९७८ मध्येच सर्वोच्च न्यायालयात न्या. कृष्ण अय्यर यांनी मोतीराम खटल्यात दंडाधिकाऱ्याचे कान उपटले होते. मोतीराम हा गरीब गवंडी. त्याचा भाऊ जामीन राहायला तयार होता, पण भाऊ आणि त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यातली म्हणून नाकारला गेला. असं चालणार नाही, असं न्यायालयानं बजावलं. मेहुण्यानं हे मोबाइलवर वाचून दाखवलं. ठाणे अंमलदारानं शेवटपर्यंत शांतपणे ऐकलं, मान डोलावली, आणि ‘मग कोण आहे का तुमचं हांगा?’ असं विचारलं. मेहुण्याचं तिथं कोणीच नव्हतं. हॉटेलवाल्यानं खोली सोडायला सांगितली होती. संध्याकाळी वकिलानं एक माणूस आणला, त्यानं घरपट्टीची पावती दाखवून सही केली. मेहुण्याला जन्मात प्रथमच कळलं, की जिथं आपण चार दिवस ‘आपलंच गाव’ म्हणून हिंडलो, तिथं आपली जबाबदारी घ्यायला एक घरपट्टी भरणारा माणूस मिळवताना किती कष्ट पडतात.

गाडी ठाण्याच्या आवारात गेली. सुपूर्तनाम्यावर ती परत मिळते, पण मिळते नोंदणीकृत मालकाला, आणि ‘भाऊ’ मालक नव्हता; मालक कुवेतला होता. कागद येईपर्यंत गाडी चिंचेखाली उभी होती, आणि भाऊ रोजचं भाडं मेहुण्याच्या नावावर मांडत होता. पोदेरनं भरपाईचा दावा लावला, तो त्याच्या गावाजवळच. कायदा त्याला ती मुभा देतो; तुम्ही जिथं राहता तिथं त्यानं यावं, असं कुठं लिहिलेलं नाही. विमा कंपनीनं सांगितलं: खासगी गाडी भाड्यानं चालवलीत, अट मोडलीत; आधी आम्ही देऊ, मग तुमच्याकडून वसूल करू. ते चारशे रुपये ते हेच.

अमेरिकेतल्या मंडळींना वाटेल, हे देशीच प्रकार. तर व्हर्जिनियात ताशी ८५ मैल, म्हणजे आपले साधारण १३७ किलोमीटर, ओलांडले की ते नुसतं ‘स्पीडिंग’ राहत नाही, बेदरकार ड्रायव्हिंगचा फौजदारी गुन्हा होतो. १२ महिन्यांपर्यंत तुरुंग आणि २,५०० डॉलरपर्यंत दंड. रडार ओळखणारं यंत्र लावावं म्हणाल तर तेही तिथं बेकायदा. आणि पिऊन चालवताना नुसती अटक झाली तरी व्हिसा रद्द होऊ शकतो. न्यू जर्सीतून फिरायला निघालेल्यांनी नोंद घ्यावी.

पण खरी मेजवानी आहे ती तारखांची. शिक्षा काय व्हायची ती होईल किंवा होणार नाही. तारीख मात्र नक्की मिळते. तारखेला रात्रीची बस, सकाळी म्हापशाला उतरायचं, स्टँडवर तोंड धुवायचं, कॅन्टीनमध्ये पातळभाजी-पाव, मग साडेनऊपासून बाकावर. पुकारा बाराला होतो, कधी चारला. सरकारी वकील नाहीत, साक्षीदार नाहीत, पंच खलाशी होता तो बोटीवर गेलाय, वीज नाही. ‘पुढील तारीख.’ ही दोन मिनिटांची सभा संपवून रात्रीची बस. ऑफिसात पहिल्या चार रजा ‘गोव्याला जातोय’ म्हणून हेवा वाटून मंजूर झाल्या. पाचव्या वेळी साहेबांनी विचारलं, तिथं काही लफडं आहे का. हजेरी माफीचा अर्ज दर वेळी मान्य होत नाही, आणि एकदा तो वकील द्यायलाच विसरला तर वॉरंट पुण्याच्या घरी आलं. दार सासऱ्यांनी उघडलं. म्हणजे त्याच्या नव्हे, माझ्याच. नात्यात जरा गुंता आहे, पण अपमान सगळ्यांचा सारखाच झाला.

गुन्हा कबूल करून दंड भरावा आणि सुटावं, हाही मार्ग असतो. मग नोकरीच्या आणि व्हिसाच्या अर्जांवर ‘कधी दोषी ठरला आहात का’ या चौकटीपाशी पेन अडतं. म्हणून मेहुणा पोदेरकडं गेला. मिठाई घेऊन गेला, दोन तास बसला, आणि पोदेरनं खरंच माफ केलं. दोघांनी मिळून अर्ज दिला. १२५ न्यायालयाच्या परवानगीनं मिटलं. २८१ मिटत नाही, कारण ते पोदेरविरुद्ध नसतंच. ते रस्त्यावरच्या सगळ्यांविरुद्ध असतं, आणि सगळ्यांना मिठाई कुठून नेणार? त्यामुळं ज्यानं माफ केलंय तो पोदेर आता सरकारचा साक्षीदार आहे, आणि पहाटेचा पाव विकून, पायातली सळई सांभाळत, मेहुण्याच्याच बाकावर येऊन बसतो.

‘आयज तरी सोंपतलें मरे?’ मागच्या वेळी त्यानंच विचारलं. नाही संपलं, साहेब रजेवर होते. बाहेर पडल्यावर पाऊस आला, रिक्षा मिळेना, तेव्हा पोदेर म्हणाला, बस मागं, स्टँडवर सोडतो. मेहुणा स्कूटरवर बसला. आल्यावर तक्रार करत होता, की पोदेर फारच हळू चालवतो. प्रत्येक वळणावर हॉर्न देऊन थांबतो. बस चुकेल म्हणून मेहुणा मागून दोनदा म्हणाला, ‘जरा दामटा की!’