प्रतोद आणि मेथीची जुडी

लालबागच्या आमच्या खोलीत टीव्ही एकच, आणि त्याच्यासमोरची जागा आईची. त्यामुळे ‘हाऊस ऑफ कार्ड्स’ ही अमेरिकी राजकारणाची मालिका बघायची तर आईसकट बघावी लागते. भाच्याचा पासवर्ड, माझा रिमोट आणि आईचे प्रश्न, असं हे तीन पायांचं सरकार.

पहिल्याच भागात गाडी अडली.

“हा कोण?”

“नायक. फ्रँक अंडरवुड. पक्षाचा व्हिप आहे.” व्हिप म्हणजे पक्षाच्या आमदार-खासदारांना मत कसं द्यायचं ते बजावणारा, हे समजवायला मी तोंड उघडलं, तोच मेथी निवडता निवडता आई म्हणाली, “प्रतोद म्हण की. नेमला कुणी? विधिमंडळ पक्षानं की राजकीय पक्षानं?”

मी गार. मे 2023 मध्ये सुप्रीम कोर्टानं ‘प्रतोद राजकीय पक्षानंच नेमायचा’ म्हटलं, त्या दिवशी आई दुपारची झोपली नव्हती. शिक्षण जुनी सातवी. पण शिवसेनेच्या 55 आमदारांचे दोन तृतीयांश 37, हे ती जून 2022 पासून झोपेतही सांगते.

हा नायक मध्येच कॅमेऱ्याकडे वळून आपले डाव आपल्याला सांगतो. त्यावर समीक्षक फिदा. आई म्हणाली, “आधीच सगळं बोलून टाकतोय? नवखा दिसतो.”

तिला दिपवायला मी सांगितलं, की मूळ ब्रिटिश मालिका 18 नोव्हेंबर 1990 ला सुरू झाली आणि चार दिवसांत तिथल्या पंतप्रधान थॅचरबाईंनी राजीनामा जाहीर केला. “एकदाच जुळलं?” आईनं विचारलं.

पुढे त्यानं एका पत्रकार मुलीला मेट्रोखाली ढकललं. मी शहारलो, आई भडकली. “मेल्या, एवढं कशाला? विमानात बसवायचं, सुरतेला न्यायचं, तिथनं गुवाहाटी. झाडी बघितली असती, डोंगार बघितला असता बिचारीनं.”

26 भाग खपून तो राष्ट्राध्यक्ष झाला. आईला ते फार संथ वाटलं. तिचंही बरोबर आहे, आमच्याकडे 80 तासांत सरकार येऊन गेलंय. 23 नोव्हेंबर 2019. आदल्या रात्री मी अशीच कुठलीशी मालिका बघत तीनला झोपलो होतो. सकाळी आईनं गदागदा हलवलं, “ऊठ, शपथविधी झाला!” दारातल्या पेपरात उद्धव ठाकरे मुख्यमंत्री होणार होते, टीव्हीवर राजभवनात फडणवीस आणि अजित पवार. राष्ट्रपती राजवट म्हणे पहाटे 5.47 ला उठली. मला वाटलं, डोळा लागला तेवढ्यात आपला एक भाग हुकला. आई म्हणाली, “चहा घे. पुढचं दुपारी कळेल.”

परवा तिनं पुन्हा विचारलं, “याच्या बाजूचे किती फुटले?” मी वैतागून सांगून टाकलं, “अगं, अमेरिकेत पक्षांतरबंदी कायदाच नाही. व्हिप झुगारला तरी कुणाची खासदारकी जात नाही.”

जुडीतला हात थांबला. आई बराच वेळ पडद्यावरच्या प्रतोदाकडे कणवेनं बघत राहिली.

“म्हणजे कुणाला हॉटेलात नेऊन ठेवावंच लागत नाही?”