‘तारा काढा, डायनिमा लावा’: शिडाच्या बोटींवरच्या एका सल्ल्याला उत्तर

पावसाळा सरत आला, बोटी पुन्हा पाण्यात उतरवायची तयारी सुरू झाली की व्हॉट्सॲपवर एक मेसेज हमखास फिरू लागतो. त्याचा सारांश असा: ‘डायनिमा स्टीलपेक्षा १५ पट मजबूत आहे आणि गंजत नाही. मुंबईच्या खाऱ्या हवेत स्टेनलेसच्या तारा म्हणजे टांगती तलवार. सगळ्या तारा काढा, तेवढ्याच जाडीची डायनिमा लावा. काम घरच्या घरी होतं, खर्च निम्मा, देखभाल शून्य. जगातल्या रेसच्या बोटी दोरीच वापरतात.’ इथे तारा म्हणजे डोलकाठी उभी धरणाऱ्या तारा, आणि डायनिमा म्हणजे कृत्रिम धाग्याची अतिशय मजबूत दोरी. हे वाचून काही जणांनी खरोखरच काम काढलं आहे, म्हणून सविस्तर लिहितो. डोलकाठी कोसळते तेव्हा खाली माणसं असतात, आणि आपल्याकडे त्यात शिकाऊ मुलंही असतात.

१५ पटींचा आकडा खोटा नाही, पण तो वजनाला वजन लावून काढलेला आहे. पोलाद पाण्याच्या जवळजवळ आठपट जड, तर डायनिमा पाण्यावर तरंगते. जाडीला जाडी लावून पाहिलं की फरक दीड ते दोन पटींवर येतो. तोही काही कमी नाही. पण डोलकाठीचे ताण, म्हणजे तिला धरून ठेवणाऱ्या तारा किंवा दोऱ्या, निवडताना ‘किती वजनाला तुटेल’ हा पहिला प्रश्नच नसतो. पहिला प्रश्न असतो ‘ओढ बसल्यावर किती लांबेल’. वाऱ्याचा झोत आला आणि वाऱ्याकडच्या बाजूचा श्राउड (डोलकाठीला बाजूने धरणारा ताण) लांबला की डोलकाठी वाकते, शिडाचा आकार बिघडतो, आणि उलट्या बाजूचा ताण सैल पडून हिसके बसू लागतात. म्हणून ६ मिमीच्या तारेच्या जागी जाणकार ६ मिमीची डायनिमा लावत नाहीत, ८ ते ९ मिमीची लावतात. ६ मिमीची १९ तंतूंची तार साधारण २.९ टनांना तुटते, ९ मिमीची चांगली डायनिमा त्याच्या तिप्पट भार घेते. ही जास्तीची ताकद चैन म्हणून घेतलेली नसते, दोरी कमी लांबावी म्हणून घ्यावी लागते. ‘तेवढ्याच जाडीची’ हे त्या मेसेजमधले सर्वांत घातक शब्द आहेत.

याच मुद्द्याची दुसरी बाजू मेसेजमध्ये नावालाही नाही. डायनिमावर सतत ओढ राहिली तर ती हळूहळू कायमची लांबते, पुन्हा मूळ लांबीवर येत नाही. जाणकार याला क्रीप म्हणतात. तारेत असं होत नाही. नव्या तारेचे तंतू एकदा बसले की बसले. क्रीप दोन गोष्टींनी वाढतो: भार आणि उष्णता. मार्च ते मे मुंबईच्या उन्हात मुरिंगवर (पाण्यातल्या कायमच्या बांधणीवर) उभ्या असलेल्या बोटीची दोरी आजूबाजूच्या हवेपेक्षाही जास्त तापते, आणि श्राउडवरचा ताण रात्रंदिवस कायम असतो. डायनिमाच्या प्रतींमध्येही मोठा फरक आहे: एसके७५ जास्त सरकते, एसके७८ कमी, डीएम२० जवळपास नाहीच. दुकानात नुसती ‘डायनिमा’ मागितली तर यातलं काय हातात पडेल याचा भरवसा नाही. प्रत विचारा, कागदावर लिहून घ्या.

‘गंजत नाही’ हे खरं आहे, आणि तारेबद्दलची भीतीही निम्मी खरी आहे. स्टेनलेस टिकतं ते पृष्ठभागावरच्या पातळ ऑक्साइडच्या थरामुळे, आणि तो थर टिकायला ऑक्सिजन लागतो. तार जिथे टोकाला दाबून बसवलेल्या टर्मिनलमध्ये (धातूच्या जोडात) शिरते तिथे खारं पाणी मुरतं, हवा पोचत नाही, आणि धातू आतून खाल्ला जातो. खालची टर्मिनलं आधी जातात, कारण पाणी उतरून तिथेच साठतं. गेटवेसमोर उभ्या बोटींना आणखी एक त्रास आहे. एलिफंटा आणि मांडव्याच्या लाँचेस दिवसभर ये-जा करतात, त्यांच्या लाटांनी बोट डुलत राहते, आणि शिडं उतरवलेली असली तरी तारांना हिसके बसत राहतात. टर्मिनलच्या तोंडाशी तार तेवढीच वेळा वाकते. धोका आहे तो तिथे.

पण तिथे बघता येतं. कापसाचा बोळा घ्या आणि तारेवरून खालपासून वरपर्यंत फिरवा. एखादा तंतू तुटला असेल तर तो कापूस धरतो. टर्मिनलच्या तोंडाशी तांबूस ओघळ दिसला, बारीक भेग दिसली, तर ती तार त्याच दिवशी बदला, ‘हा सीझन काढू’ म्हणू नका. काही दिसलं नाही तरी साधारण दहा वर्षांनी सगळा संच बदलावा, आणि आपल्या हवेत त्याच्या आधी बदलला तर उत्तम.

‘देखभाल शून्य’ हे मात्र साफ चूक आहे. उन्हातले अतिनील किरण दोरीची ताकद खातात, आणि ती झीज नजरेला दिसत नाही: दोरी थोडी केसाळ, थोडी फिकी होते इतकंच. स्प्रेडरच्या (डोलकाठीवरच्या आडव्या दांडीच्या) टोकाशी, थिंबलच्या (दोरीच्या फाशात बसवलेल्या खोबणीच्या कडीच्या) वळणात, शीड घासतं तिथे ती कापली जाते. मुंबई बंदराचं पाणी गढूळ, त्यातला बारीक गाळ विणीत शिरतो आणि आतून घासतो, म्हणून गोड्या पाण्याने धुणं आलं. पावसाळ्यात डोलकाठी उतरवून ठेवता तेव्हा दोरी अंधाऱ्या जागी, उंदरांपासून जपून ठेवावी लागते. आणि पाच ते आठ वर्षांत ती बदलायचीच असते. ‘खर्च निम्मा’ या दाव्याचा निकाल इथेच लागतो.

आता ‘घरच्या घरी’. यावर मला जरा थांबायचं आहे, कारण यातच सगळ्यात जास्त गोंधळ होताना दिसतो. डायनिमा गुळगुळीत असते, साधी गाठ तिच्यात सरकते, आणि घट्ट बसली तरी दोरीची निम्म्याहून जास्त ताकद खाऊन टाकते. शेवट स्प्लाइसनेच करावा लागतो: पायजम्यात नाडी ओवावी तशी दोरीची शेपटी तिच्याच पोकळ अंगात ओवायची. ओढ बसली की बाहेरची वीण आवळते आणि शेपटीला धरते. ही पकड पुरेशा लांबीवरच मिळते. नियम दोरीच्या जाडीच्या ७२ पटींचा आहे, म्हणजे ९ मिमीच्या दोरीला जवळपास ६५ सेंटिमीटर शेपटी आत हवी. तिचं टोक एकेक पेड कापून निमुळतं करायचं, नाहीतर ते संपतं तिथे दोरीला एकदम खांदा येतो आणि तिथूनच ती तुटते. मग ताण नसताना शेपटी बाहेर सरकू नये म्हणून सुईदोऱ्याने टाके घालायचे. हे शिकता येतं, हातात कला असलेल्याला लवकर येतं. पण १५ सेंटिमीटर शेपटी खुपसून वर टेप गुंडाळलेले ‘स्प्लाइस’ ज्या बोटीवर दिसतील, त्या बोटीवर कोणालाही चढू देऊ नका.

रेसच्या बोटींचं थोडक्यात. वरच्या दर्जाच्या बोटींचे श्राउड बहुतेक कार्बनचे किंवा नायट्रॉनिक ५० या पोलादाच्या भरीव सळ्यांचे असतात. कारण तेच, लांबणं कमी. डायनिमा त्यांच्यावर असते ती हॅलयार्डला (शीड वर चढवायच्या दोरीला), बॅकस्टेला (डोलकाठीच्या मागच्या ताणाला), आणि जिथे ताण हवा तेव्हा सोडता येतो अशा जागी.

आणि तिथे ती आपणही वापरावी, असं माझं ठाम मत आहे. ६ मिमीची तार मीटरला १८० ग्रॅमच्या आसपास, ९ मिमीची डायनिमा ५० ग्रॅमच्या आत. उंचावरचं वजन असं उतरलं तर बोट कमी कलंडते, हा फायदा खरा आहे. तारेची हॅलयार्ड काढून डायनिमाची लावणार असाल तर डोलकाठीच्या माथ्यावरची पुलीही बदला, कारण जुन्या तारेने तिच्या खाचेला धार आणलेली असते आणि ती नवी दोरी कापते. श्राउड आणि फोरस्टे (पुढचा ताण) मात्र, बंदरात मुरिंगवर राहणाऱ्या क्लबच्या किंवा घरच्या बोटीला, तारेचेच ठेवा. सर्वांत लांब ताणाइतकी डायनिमा, एका टोकाला थिंबल आणि नीट स्प्लाइस घालून, बोटीत एका पिशवीत ठेवा. समुद्रात श्राउड तुटला तर बोट वळवून तुटलेली बाजू वाऱ्याच्या आडोशाला घ्या, शिडं उतरवा, आणि ती दोरी वर चढवून खाली चेनप्लेटला (ताण अडकवायच्या बोटीवरच्या पट्टीला) फेऱ्या घालून आवळा.