गुटगुटीत नाही हो, जंत झालेत त्याला!

आमच्या पार्किंगमध्ये कुत्री व्यायली. पाच पिल्लं. महिन्याभरात त्यातल्या पांढऱ्याचं पोट बघून जो तो म्हणायचा, "काय गुटगुटीत झालंय!" उचललं तर पोट नगाऱ्यासारखं टम्म, आणि पाठीवर हात फिरवला की मणका न् मणका हाताला लागतोय. रात्री ते ओकलं. दुधाच्या चोथ्यात उकडलेल्या शेवयांसारखे चार-पाच जंत, एक अजून वळवळत होता. (जेवताना वाचत असाल तर माफ करा.)

सकाळी चौकशी सुरू: बिस्किटं कोणी घातली? गोडाने जंत होतात म्हणे! बिस्किटं घालूच नयेत, पण हे गोल जंत पिल्लू आईच्या पोटात असतानाच त्याच्यात शिरतात. कुत्रीच्या अंगात त्यांच्या अळ्या निपचित पडून असतात, गाभणपणाच्या शेवटी जाग्या होतात, वारेतून पिलात जातात. उरलेल्या अळ्या दुधातून जातात. हुकवर्म नावाचे दुसरे जंतही दुधातून येतात, आणि ते रक्त पितात. हिरड्या पांढऱ्याफटक, शी डांबरासारखी काळी दिसली तर हळद-ओवा करत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

मला खरा राग येतो तो "एक डोस झालाय" या वाक्याचा. पिल्लू विकणारेही हेच सांगून मोकळे होतात. अहो, औषध आतड्यातले जंत मारतं. अंगात फिरणाऱ्या अळ्या नंतर आतड्यात उतरतात, त्यांचं काय? म्हणून दोन आठवड्यांचं झाल्यापासून दर 15 दिवसांनी, मग 6 महिन्यांपर्यंत महिन्याला एकदा. सोबत आईलाही. आणि डोस वजनावर, अंदाजपंचे नाही. आम्ही वाण्याच्या काट्यावर वजन केलं. त्याने आधी पेपर अंथरला, मग विचारलं, "किती बांधू?"

काहींचं म्हणणं, मुलांना जंत होतील, पिल्लं लांब सोडून या. भीती खोटी नाही, अळी डोळ्यात गेली तर नजरेवर बेततं. पण ताज्या शीतली अंडी लगेच बाधत नाहीत, त्यांना मातीत दोन-तीन आठवडे लागतात. मग मात्र ती वर्षानुवर्षं टिकतात. म्हणजे पिल्लं हाकलून काय होणार? शी रोजच्या रोज उचला, मुलांचे हात धुवा.

चौथा डोस रविवारी आहे. सिरिंजने पाजताना पिल्लू धरायला माणूस लागतं. बिस्किटवाल्यांनी नऊ वाजता खाली यावं.